वहीतली नऊ शहरं

वहीच्या पहिल्या पानावर नऊ शहरं आहेत. पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, व्हेनिस, रोम, झुरिक. अक्षर ठाणेकरचं, हिरव्या शाईतलं, प्रत्येक नावापुढे टिक करायला एक छोटी चौकट. शेवटच्या लिहिलेल्या पानावर चार शहरं आणि एक घाट आहे, आणि ते अक्षर सांगलीकरचं आहे. या दोन पानांच्या मध्ये तीन वर्षं गेली. आम्ही चौघी मैत्रिणी युरोपातून रेल्वेने फिरून आलो, तेव्हापासून लोक विचारतात, किती पैसे पडले, रेल्वेचा पास काढला का, खाण्याचं काय केलंत. ते सांगतेच. पण मला त्या वहीतल्या खाडाखोडीबद्दल लिहायचं आहे, कारण आमची सहल खरी तिथे झाली.

आम्ही चौघी वसतिगृहात एका खोलीत होतो. एकाच नावाच्या दोघी निघाल्या म्हणून गावावरून हाक मारायला सुरुवात झाली, ती तीस वर्षं झाली तरी सुटलेली नाही. ठाणेकर एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. नाशिककर शाळेत भूगोल शिकवते. ती मूळची इगतपुरीची, वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. सांगलीकरचं शाळेसमोर वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी पुण्यात भाषांतराची कामं करते, महिना कसा जाईल हे त्या महिन्यातच कळतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिघी माझ्याकडे राहायला आल्या होत्या. ठाणेकरने येताना ती दोनशे पानी वही आणली आणि जेवणं झाल्यावर टेबलावर ठेवली. ‘पन्नाशी होतेय. आता नाही तर कधी?’ शहरांची यादी पंधरा मिनिटांत झाली. ज्याला जे सुचलं ते लिहिलं. मग ती म्हणाली, ‘महिन्याला दहा-दहा हजार बाजूला टाकू. दोन वर्षांत निघू.’ मी हो म्हटलं, नाशिककर म्हणाली जमेल बहुतेक. सांगलीकर म्हणाली, ‘हो हो, ठरवा तुम्ही.’

‘ठरवा तुम्ही’ हे दोन शब्द आपल्याकडे किती वेळा ऐकतो. लग्नाच्या याद्या करताना, ट्रिपा ठरवताना, वर्गणी काढताना. ते बोलणारा माणूस त्या क्षणी यादीतून उठून गेलेला असतो, आणि बाकीच्यांना वाटतं की त्याची संमती मिळाली.

रात्री गाद्या घालताना ती मला हळूच म्हणाली, ‘माझं चारच्या पुढे जात नाही गं. जूनमध्ये धंदा होतो, मग पुढे दिवाळीपर्यंत हात आखडूनच असतो. तुम्ही तिघी जा. फोटो पाठवा.’ आवाजात रडं नव्हतं, तक्रार नव्हती. दुकानात एखाद्या मुलाला ‘ती वही संपली आहे’ सांगावं तसं सांगितलं तिने.

सकाळी चहाच्या वेळी मी ते बोलून टाकलं. तिला विचारून बोलले. ठाणेकर पटकन म्हणाली, ‘एवढंच ना? तिचे वरचे मी भरते. विषय संपला.’ तिचं सांगलीकरवर किती प्रेम आहे हे मला ठाऊक आहे. ते वाक्य त्या प्रेमातूनच आलं होतं. सांगलीकरने कप खाली ठेवला. म्हणाली, ‘तू भरलेस तर मला प्रत्येक कॉफीच्या आधी तुझ्याकडे बघावं लागेल.’

कोणीच काही बोललं नाही. मग ठाणेकरने वही ओढली, दहा हजारांवर काट मारली आणि चार हजार लिहिलं.

आम्ही एकमेकींना आजारपणं सांगितली आहेत, घरातली भांडणं सांगितली आहेत, एकीचं मोडता मोडता राहिलेलं लग्न चौघींनी मिळून सोसलं आहे. पण महिन्याला किती उरतात हा आकडा तीस वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. मित्रमंडळींनी बाहेर जायचं ठरवताना पहिल्यांदा शहरांची नावं घेऊ नयेत असं मला आता पक्कं वाटतं. सगळ्यांत लहान आकडा ज्याचा असेल, त्याला तो न लाजता सांगता येईल अशी जागा आधी करायला हवी. आमच्याकडे ती जागा अपघाताने झाली.

नावाला भिशी, पण उचलायची कोणीच नाही, असं ठरलं. प्रत्येकीने आपापल्या बँकेत चार हजारांची आरडी काढली. पाच तारखेला ग्रुपवर ‘भरले’ एवढा एकच शब्द टाकायचा. छत्तीस महिन्यांचे एक लाख चव्वेचाळीस हजार, वर व्याज. म्हणजे सगळं धरून दीड लाखाच्या थोडं वर, आणि युरो शंभर रुपयांच्या पुढे गेलेला. एका महिन्यात ठाणेकर विसरली, तेव्हा सांगलीकरने तिला आठवण केली. तो मेसेज मी जपून ठेवला आहे.

दीड लाखात विमान, व्हिसा आणि विमा काढला की उरतात ऐंशी-पंच्याऐंशी हजार. त्यात चौदा दिवस राहायचं, खायचं, फिरायचं. हे मांडल्यावर पहिल्या पानावरची शहरं आपणहून गळायला लागली. झुरिक पहिलं गेलं. तिथल्या एका रात्रीच्या पैशांत बुडापेस्टला दोन रात्री निघत होत्या. पॅरिस आणि ॲमस्टरडॅम पश्चिमेच्या टोकाला, तिथून पूर्वेकडे यायचं तर लांबच्या वेगवान गाड्या आणि त्यांची तिकिटं. रोम-व्हेनिस ही आपली आपण वेगळी सहल आहे, असं नाशिककरने नकाशा पुढे ठेवून पटवलं. शिवाय नऊ शहरं म्हणजे आठ वेळा सामान बांधणं, आठ वेळा स्टेशनवरून नवं घर शोधणं. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला गाडीचे चार तास लागत असले तरी दिवसाचा मोठा भाग त्यात जातोच. चौदा दिवसांतले आठ दिवस असे द्यायचे तर बघायचं कधी?

राहिली चार: बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. नकाशावर वरून खाली बोट फिरवलं की चारही एका ओळीत लागतात. बर्लिनला उतरायचं आणि बुडापेस्टहून परत फिरायचं, म्हणजे मागे यायला दिवस आणि तिकीट जात नाही. विमानाचं तिकीट काढताना जायचं शहर एक आणि परतीचं दुसरं टाकलं तर फार फरक पडत नाही, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

झुरिकवर काट मारली ती नाशिककरने, स्वतःच्या हाताने. ती लहानपणापासून घाटात वाढलेली, डोंगरातल्या रेल्वेचं तिला वेड. स्वित्झर्लंडच्या गाड्या बघायच्या म्हणूनच ती या यादीत आली होती. काट मारून झाल्यावर वही बाजूला सारून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिच्यासाठी काहीतरी शोधायला हवं असं आम्हा तिघींना वाटत होतं, आणि शोधलं शेवटी तिनेच. त्याकडे येते.

मग रेल्वेच्या पासचा वाद. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल, आपल्यासारख्या बाहेरच्यांसाठी युरेल. युरेल १९५९ पासून आहे, इंटररेल १९७२ पासून. आज एकाच पासवर ३३ देशांतल्या गाड्यांतून फिरता येतं. महिन्याभरातले कुठलेही चार, पाच किंवा सात दिवस, नाहीतर दोन महिन्यांतले दहा किंवा पंधरा दिवस, अशा मापात तो मिळतो. प्रवासाचा एक दिवस म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा. त्या वेळात कितीही गाड्या बदला. सत्तावीस वर्षांपर्यंतच्यांना सवलत आहे, साठीच्या पुढच्यांना सवलत आहे. आम्ही मधल्या.

ठाणेकरला पास हवा होता. मनात येईल तिथे उतरू, असं तिचं स्वप्न. चार दिवसांच्या पासला माणशी पावणेतीनशे-तीनशे युरो पडत होते. आमचे लांबचे टप्पे तीनच: बर्लिन ते प्राग साडेचार तासांच्या आत, प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. ही सुटी तिकिटं लवकर काढली तर तिन्ही मिळून साठ-सत्तर युरोंत बसत होती. सांगलीकरने एकच प्रश्न विचारला, ‘मनात आलं म्हणून वाटेत उतरलो, तरी त्या रात्रीच्या खोलीचे पैसे भरलेले असणार ना?’ तिथे वाद मिटला. पास वाईट आहे असं मी म्हणणार नाही. दर दिवसाआड लांबचा पल्ला मारणाऱ्याला, तारखा बांधून न घेणाऱ्याला तो हवाच. फक्त फ्रान्स, स्पेन, इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे मोजावे लागतात, ते हिशोबात धरायला लोक विसरतात.

तिकिटांचं तिथलं गणित आपल्या सवयीच्या उलटं आहे, ते समजायला आम्हाला महिना लागला. आपल्याकडे जीव अडकतो तो वेटिंगमध्ये. साठ दिवस आधी आरक्षण उघडतं, सकाळी आठला सगळा देश बसलेला असतो, तिकीट मिळालं की भाडं मात्र बहुतेक गाड्यांना ठरलेलं. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेक या देशांत वेटिंग हा प्रकारच नाही. तिकीट वेगळं आणि जागेचं आरक्षण वेगळं. तिकीट घेऊन बसा, जागा नसेल तर उभ्या राहा. पण भाव विमानासारखा चढतो. स्वस्त तिकिटांचा ठरावीक साठा आधी उघडतो, तो संपला की त्याच डब्यातल्या त्याच प्रवासाला तिप्पट-चौपट पैसे. आणि दोन देशांतून जाणाऱ्या गाडीचं तिकीट दोन्हीकडच्या रेल्वे आपापल्या संकेतस्थळावर विकतात, वेगवेगळ्या भावाने. बर्लिन-प्रागचं तिकीट आम्हाला चेक बाजूने स्वस्त पडलं. हे सांगलीकरने शोधलं. घाऊक बाजारात एक वही दोन दुकानांत दोन भावांनी मिळते, मग तिकीट का नाही, असा तिचा साधा विचार.

तिने वहीत आणखी एक काम केलं होतं. प्रत्येक स्टेशनचं नाव तीन-तीन प्रकारे देवनागरीत लिहून ठेवलं होतं. व्हिएन्ना म्हणजे जर्मनमध्ये ‘वीन’, चेकमध्ये ‘व्हिडेन्य’, हंगेरियनमध्ये ‘बेच’. प्राग म्हणजे ‘प्राहा’. बुडापेस्टच्या केलेती स्टेशनात व्हिएन्नाहून आलेल्या गाडीच्या पाटीवर ‘बेच’ वाचून मला वाटलं हे कुठलं तरी वेगळंच गाव. तिने वही उघडून बोट ठेवलं.

व्हिसाची गाठ मात्र खरी कठीण होती. अर्ज करताना कुठे राहणार, कसं फिरणार हे सगळं दाखवायचं, आणि स्वस्त रेल्वे तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. व्हिसा मिळेपर्यंत थांबलं तर तिकीट महागतं, आधी काढलं आणि व्हिसा नाकारला तर ते बुडतं. आम्ही बसून ठरवलं की माणशी सहा-सात हजार बुडाले तर चालतील, त्याहून जास्त नाही. म्हणून रेल्वेची तिकिटं आधी काढली, राहण्याच्या जागा पैसे परत मिळतील अशाच घेतल्या, विमानाचं फक्त आरक्षण केलं आणि ते तिकीट व्हिसा हातात आल्यावर काढलं. अर्ज कुणाकडे करायचा याचाही नियम आहे: जिथे सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे, सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा पाय ठेवणार त्या देशाकडे. आमच्या बर्लिनच्या तीन, प्रागच्या तीन, बुडापेस्टच्या तीन आणि व्हिएन्नाच्या चार रात्री. त्या एका जास्तीच्या रात्रीमुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे गेला. शुल्क नव्वद युरो, वर व्हिसा केंद्राचे पैसे, आणि किमान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा. सांगलीकरचं दुकान लहान, पगारपत्रक नाही, म्हणून ती घाबरली होती. तिने तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, दुकानाचा परवाना आणि आरडीचं पासबुक जोडलं. दर महिन्याच्या पाच तारखेला चार हजार, छत्तीस नोंदी. पासपोर्ट परत आला तेव्हा तिने दुकानातूनच फोन केला, मागे शाळा सुटल्याचा गलका ऐकू येत होता.

राहण्याचं थोडक्यात सांगते. आम्ही हॉस्टेलांत राहिलो, आणि चौघी असणं हीच सगळ्यांत मोठी सवलत ठरली. चार पलंगांची खोली घेतली की ती आपोआप फक्त आपलीच होते. कॉलेजात असताना यूथ हॉस्टेलच्या हिमालयातल्या ट्रेकना आम्ही गेलो होतो. यूथ हॉस्टेलची कल्पना मुळात एका जर्मन शाळामास्तरांची. रिखार्ड शिरमान त्यांचं नाव. १९०९ साली मुलांना घेऊन पायी निघाले असताना वादळात रात्रीचा निवारा मिळेना, शेवटी एका शाळेत आसरा मिळाला आणि त्यांच्या डोक्यात आलं की मुलांसाठी गावोगाव अशा जागा का असू नयेत. बर्लिनच्या त्या खोलीत दुमजली पलंगाच्या वरच्या बाजूला चढताना गुडघा कुरकुरला, पण खाली तिघींचे श्वास ऐकू येत होते आणि मी कितीतरी वर्षांनी एवढी गाढ झोपले.

हॉस्टेलला स्वयंपाकघर असतं. भाजणी, मेतकूट, पोहे आणि तिखट आम्ही बरोबर नेलं होतं. दुधामांसाचे पदार्थ बाहेरून आत न्यायला मनाई आहे, म्हणून वाडीचे पेढे तेवढे घरी राहिले. एक चूक झाली. प्रागहून व्हिएन्नाला रविवारी पोचलो आणि दुकानं बंद. ऑस्ट्रियात आणि जर्मनीत रविवारी किराणा मिळत नाही, फक्त मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात आणि तिथे सगळं शहर लोटलेलं असतं. अर्धा तास रांगेत उभं राहून कांदे, दही आणि पाव घेतला. पाणी मात्र विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ सालच्या जलवाहिनीतून आणि तिच्यानंतरच्या दुसरीतून. सांगलीकर पहिला पेला पिऊन म्हणाली, ‘आपल्या विहिरीचं आठवलं,’ आणि सगळ्या बाटल्या भरून घेतल्या.

वाटेत एका टप्प्यावर आमची गाडी सव्वा तास उशिरा पोचली. युरोपात नियम आहे, तासाभरापेक्षा जास्त उशीर झाला तर तिकिटाचे पंचवीस टक्के परत, दोन तासांपुढे पन्नास टक्के. सांगलीकरला हे वाचून ठाऊक होतं. तिने त्याच रात्री चारही तिकिटांचा अर्ज भरला. परत आल्यावर वीस युरो जमा झाले, वहीत जमेच्या बाजूला एवढी एकच नोंद आहे.

बर्लिनहून प्रागला जाताना डावीकडे बसा, हे मी कुणालाही सांगेन. तेवढ्या एकाच प्रवासाला आम्ही जागा राखून घेतल्या, माझ्या हट्टामुळे. ड्रेस्डेन सोडलं की गाडी एल्ब नदीच्या काठाला लागते आणि मग नदी खिडकी सोडत नाही. पलीकडे वालुकाश्माचे उभे कडे, पायथ्याशी घरं, एखादी होडी. चेक हद्दीत तीच नदी लाबे होते. गाडी कुठे थांबली नाही, कोणी पासपोर्ट मागितला नाही, फक्त फोनवर ‘चेकियामध्ये स्वागत’ असा संदेश आला. नाशिककरने नदीचं नाव बदलल्याची वेळ वहीत लिहून ठेवली.

आता तिच्या घाटाकडे येते.

झुरिकवर काट मारल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तिचा रात्री उशिरा फोन आला होता. ‘पुणेकर, व्हिएन्नाला एक रात्र वाढवता येईल? मला घाट सापडलाय.’ व्हिएन्नाच्या दक्षिणेला दीडेक तासावर सेमरिंग. ग्लॉग्नित्स ते म्युर्त्सत्सुश्लाग ४१ किलोमीटरची डोंगरी लाइन, १८४८ ते १८५४ मध्ये बांधलेली. सरळ रेषेत ते अंतर त्याच्या निम्मं आहे, उरलेलं सगळं वळणांत जातं. सोळा मोठे पूल, चौदा बोगदे. कार्ल फॉन गेगा नावाच्या, व्हेनिसमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने ती आखली, आणि आखली तेव्हा तो चढ चढू शकेल असं इंजिनच अस्तित्वात नव्हतं. लाइनीचं काम चालू असताना १८५१ साली इंजिनांची स्पर्धा लावली, चार इंजिनं उतरली, ‘बव्हेरिया’ला बक्षीस मिळालं. वीस हजारांच्या आसपास मजूर राबत होते, त्यांतले शेकडो साथीच्या तापाने आणि कॉलऱ्याने गेले. १९९८ पासून ही लाइन जागतिक वारशात आहे. हे सगळं ती एका दमात बोलली, आणि मग म्हणाली, ‘बोरीबंदर-ठाणे १८५३. हा त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू झाला. आपला थळघाट १८६५चा. म्हणजे हा आपल्या घाटाचा थोरला भाऊ.’

स्वस्तात कसं जायचं तेही तिने काढलं होतं. ऑस्ट्रियात दोन ते पाच जणांसाठी दिवसभराचं एकत्र तिकीट मिळतं, फक्त साध्या प्रादेशिक गाड्यांना चालतं आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर. नाव ‘आइनफाख राउस’, म्हणजे ‘निघा सरळ बाहेर’. मंगळवारी नऊच्या पुढची गाडी धरली, पायरबाखला बदलली, आणि दोन-तीन डब्यांची ती छोटी गाडी चढायला लागली.

मी बोरघाटातली, रोज नाही तरी महिन्यातून दोनदा जाणारी. ठाणेकर दोन्ही घाटांची. चौघींना चढाचा तो आवाज ओळखीचा होता. पण नाशिककर पुढच्या खिडकीशी उभी होती, एक हात दांडीला, आणि ओठ हलत होते. ती पूल मोजत होती. वळणावर आपल्याच गाडीचे डबे दिसतात ना, तसे दिसले आणि तिने आमच्याकडे वळून नुसतं हसून बघितलं. स्वित्झर्लंड राहिलं याची आम्हा तिघींना तीन वर्षं बोच होती. त्या वळणावर माझ्यापुरती ती बोच गेली.

सेमरिंगचं स्टेशन नऊशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. फलाटावर गेगाचं स्मारक. तिथून जंगलातून पायवाट निघते, लाइनीच्या कडेकडेने. तासाभरात एका कड्यापाशी येतो, तिथून समोर ‘काल्टे रिने’चा पूल दिसतो: दुमजली, दगडी, १८४ मीटर लांब आणि ४६ मीटर उंच, आणि वळणाकार. हेच दृश्य ऑस्ट्रियाच्या जुन्या वीस शिलिंगच्या नोटेवर होतं, दुसऱ्या बाजूला गेगाचा चेहरा, म्हणून त्या जागेला वीस शिलिंगचा देखावा म्हणतात. खालून आता २७ किलोमीटरांचा पायथ्याचा बोगदा होतो आहे. तो सुरू झाला की वेगवान गाड्या डोंगराखालून जातील.

बाकावर बसून सकाळची थालीपिठं काढली. नाशिककरने इगतपुरीला व्हिडिओ कॉल लावला. तिथे संध्याकाळचे साडेचार-पाच, तिचे वडील, अप्पा, चहा घेत होते. वय ब्याऐंशी. कसारा-इगतपुरी घाटात मागून लावायच्या इंजिनावर त्यांनी कितीतरी वर्षं काढलेली. आपल्याकडे त्याला बँकर म्हणतात. कसाऱ्याला गाडीच्या मागे जोडतात, वर इगतपुरीला सोडतात. तिने फोन पुलाकडे वळवला.

‘चढ केवढा?’ अप्पांनी पहिलाच प्रश्न केला.

‘चाळीसाला एक, अप्पा.’

‘आपला सदतीसाला एक.’ मग थोडं थांबून, ‘पण पूल सुरेख आहे हो. दगड चांगला बसवलाय. बँकर लावतात का?’

तिला उत्तर माहीत नव्हतं. आमची सकाळची गाडी लहान, एकटीच चढली होती. ती सांगायला लागली तेवढ्यात झाडीतून धडधड ऐकू आली. खालून मालगाडी येत होती, लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेली, अगदी चालत्या माणसाच्या वेगाने. इंजिन पुलावर आलं, पुढे गेलं, वळणात दिसेनासं झालं, डबे संपेचनात. आणि शेवटच्या डब्याला चिकटून दुसरं इंजिन, मागून रेटणारं.

‘अप्पा, बँकर!’ नाशिककर ओरडली. पन्नास वर्षांची बाई दोन्ही हात वर करून ओरडली आणि फोन सांगलीकरने वरच्या वर झेलला.

‘डबे किती?’

आम्ही चौघींनी मोजले होते आणि चौघींचे आकडे वेगळे होते. बावीस, चोवीस, तेवीस, आणि ठाणेकरचे सव्वीस.

‘मग पुढची येईल तेव्हा नीट मोजा,’ अप्पा म्हणाले. ‘मी आहे लाइनवर.’